झुरिक ते दावोस : माझा एकटीचा प्रवास

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चारचौघींसमोर बोलायला उभी राहण्याची ही माझी पहिलीच वेळ. मंडळात माझे काम म्हणजे हळदीकुंकवाच्या दिवशी वाणाची मोजदाद ठेवायची आणि सहल निघाली की डबे बांधायचे. शिक्षण सातवीपर्यंत. तरी चिटणीसबाईंनी गळ घातली की, ‘तुम्ही बर्फाच्या गावाला एकट्या जाऊन आलात, ते सगळ्यांना सांगा.’ मी म्हटले, ‘त्यात सांगण्यासारखे काय आहे? विमानातून उतरले, आगगाडीत बसले आणि पोचले.’ पण रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटले, हे काही खरे नाही. मी सरळ पोचले नव्हते. वाटेत चुकले होते, आणि माझ्या चुकण्याचा त्रास दुसऱ्या कोणाला तरी झाला होता. ते झाकून ठेवून प्रवासवर्णन सांगण्यात अर्थ नाही. म्हणून जसे घडले तसे सांगते. बोलताना कुठे अडखळले तर सांभाळून घ्यावे.

माझे धाकटे दीर स्वित्झर्लंडमध्ये दावोस या गावी एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात आचारी आहेत. दावोस हे नाव आता आपल्याला नवीन नाही. दर जानेवारीत वर्तमानपत्रात ते मोठ्या अक्षरांत येते. आपल्या राज्याचे मुख्यमंत्री उद्योगांचे करार करायला तिथे जातात. १९७१ सालापासून तिथे जगातल्या मोठ्या उद्योगपतींची आणि राज्यकर्त्यांची ती बैठक भरत आली आहे. पण ही बैठक आठवडाभराची. बाकीच्या हिवाळ्यात लोक तिथे येतात ते पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरण्यासाठी. त्या पट्ट्यांना स्की म्हणतात.

माझ्या धाकट्या जावेला दिवस गेले होते. तिची आई दम्याने आजारी. तिला त्या थंडीत पाठविणे शक्य नव्हते. सासूबाईंचे गुडघे धरलेले. राहिले मी. जानेवारी २०२५ च्या अखेरीची तारीख होती. आमच्या ह्यांना दुकान सोडता येईना, म्हणजे जायचे ते एकटीने. मुंबईपर्यंत भाचा होता. झुरिकच्या विमानतळावर भावोजी न्यायला येणार, असे ठरले होते. पण नेमका त्याच सुमारास तो बैठकीचा आठवडा आला. त्या दिवसांत गावातले एकही हॉटेल रिकामे नसते, आणि स्वयंपाकघरातल्या माणसाला अर्ध्या दिवसाचीही रजा मिळत नाही. भावोजींनी फोनवर सांगितले, ‘वैनी, मला यायला जमणार नाही. पण काळजी करू नका. विमानतळाच्या खालीच आगगाडी आहे. तीन गाड्या बदलल्या की तुम्ही आमच्या दारात.’

तीन गाड्या! घरात सगळे गप्प झाले. सासूबाई म्हणाल्या, ‘बाये, कुडाळाक जावक तुका सोबत लागता, आणि आता परमुलखात एकटी जातलंस? वाट चुकलंस तर इचारतलंस कोणाक?’

भगिनींनो, त्यांचे बोलणे खोटे नव्हते. मालवणला रेल्वे नाही. आपण कुडाळला किंवा कणकवलीला जातो ते घरातल्या पुरुषमाणसाबरोबर. फलाट तो विचारतो, तिकीट त्याच्या खिशात असते, आपण पिशवी सांभाळत मागून चालतो. कोकण रेल्वे १ मे १९९८ रोजी राष्ट्राला अर्पण झाली. तेव्हापासून मी कितीदा तरी तिने मुंबईला गेले असेन, पण गाडीचा नंबर मला कधी ठाऊक नव्हता. बावीस-तेवीस वर्षांच्या संसारात मी एकटीने केलेला सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे एस.टी.ने कणकवली.

मग माझी लेक पुढे झाली. बारावीत आहे. तिने भावोजींकडून सगळी माहिती मागविली आणि वहीचा एक कागद आखून त्यावर मराठीत उतरून काढली. गाडी कुठली, कुठे बसायचे, किती वेळाने उतरायचे, उतरण्याआधी कोणते स्टेशन येते. स्टेशनांची नावे तिने मराठीत आणि खाली इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहिली. पाचवी ते सातवी अशी तीन वर्षे मी इंग्रजी शिकले आहे. अर्थ लागत नाही, पण अक्षरे जुळविता येतात. ‘आई, तुला वाचायचे नाहीच. पाटीवरची अक्षरे आणि कागदावरची अक्षरे सारखी आहेत का, एवढेच बघायचे,’ असे ती म्हणाली. तांदळातले खडे निवडणाऱ्या बाईला एवढे जमायला हरकत नव्हती.

सामानाचेही सांगते, कारण आपल्यापैकी कोणी बाळंतपणाला परदेशी निघाली तर उपयोगी पडेल. आपल्या देशातून तिकडे दुधातुपाचे आणि मांसमटणाचे जिन्नस नेऊ देत नाहीत. म्हणून तुपातले लाडू इथून केले नाहीत. डिंक, अळीव, सुंठ, बाळंतशोपा, सोले आणि मालवणी मसाला नेला. लाडू तिथे जाऊन वळले. व्हिसा मिळतो तो जास्तीत जास्त ९० दिवस राहण्याचा. त्या अर्जावर सही माझी मलाच करावी लागली.

संक्रांत झाली आणि दोन दिवसांनी कुडाळहून रात्रीच्या गाडीने निघाले. मंडळाचे हळदीकुंकू त्या वर्षी चुकले. मुंबईहून विमान मध्यरात्रीनंतर सुटले आणि सुमारे नऊ तासांनी, १८ जानेवारीला, तिथल्या घड्याळात पहाट असताना झुरिकला उतरले. हिवाळ्यात त्यांचे घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असते. बाहेर मिट्ट काळोख. आठ वाजायला आले तरी सूर्याचा पत्ता नाही. विमानात मला डोळ्याला डोळा लागला नव्हता. हे लक्षात ठेवा, पुढे त्याचेच फळ मिळाले.

त्या विमानतळाखाली १९८० सालापासून आगगाडीचे स्टेशन आहे. चाकांच्या गाडीवर पेट्या ठेवून, गाडीचे चित्र काढलेल्या पाट्यांमागून चालत गेले की आपण सरकत्या जिन्याने थेट फलाटावर उतरतो. रिक्षा नाही, घासाघीस नाही, कोणी हमाल अंगावर येत नाही. फलाटावर जायला फाटक नाही आणि दारात तिकीट तपासणारा नाही. तपासनीस गाडीत येतो. फलाटाच्या डोक्यावर अ, ब, क, ड अशी इंग्रजी अक्षरे टांगलेली असतात, म्हणजे गाडीचा डबा कुठे येईल ते आधीच कळते. पाटीवर गाडीची वेळ, गावाचे नाव आणि फलाटाचा आकडा. मी कागद काढला, अक्षरे जुळविली. जुळली! भगिनींनो, त्या क्षणी मला जेवढा आनंद झाला तेवढा सातवी पास झाल्यावरही झाला नव्हता.

पण गाडी आली आणि दार उघडेचना. मी बंद दारासमोर उभी. मागून एक मुलगा आला, त्याने दारावरचे बटण दाबले आणि दार उघडले. तिथे दारे आपोआप उघडत नाहीत. ज्याला चढायचे-उतरायचे असेल त्याने बटण दाबायचे. हे कागदावर लिहिलेले नव्हते. भावोजींना ते इतके सवयीचे झालेले की सांगायचे सुचलेच नाही. रोज चुलीपाशी बसणारी बाई कृती सांगताना मीठ सांगायला विसरते, तसेच हे.

दहा-बारा मिनिटांत झुरिकचे मोठे स्टेशन आले. तिथे वरचे आणि जमिनीखालचे मिळून पंचवीसच्या वर फलाट आहेत. तिथली घड्याळे मला फार आवडली. पांढऱ्या तबकडीवर सेकंदाचा काटा लाल, आणि त्याच्या टोकाला लाल टिकली. पूर्वी गाडी सोडताना रेल्वेचा माणूस हातात धरी त्या तबकडीसारखी. तो काटा साठ सेकंदांच्या थोडा आधीच वर पोचतो आणि तिथे क्षणभर थांबतो. मिनिटाचा काटा टक्कन पुढे सरकला की मग हा निघतो. हान्स हिल्फिकर नावाच्या रेल्वेच्या इंजिनियरने १९४४ साली हे घड्याळ योजले, असे भावोजींनी मागाहून सांगितले. त्या देशात १९८२ सालापासून गाड्यांचे वेळापत्रक असे बांधले आहे की, एका गावाची गाडी साधारणपणे दर तासाला त्याच मिनिटाला सुटते. सात वाजून अमुक मिनिटे, तर आठ वाजूनही तेवढीच मिनिटे. एकदा मिनिटे पाठ झाली की संपले. आणि एक गाडी पोचते तेव्हा थोड्याच मिनिटांत दुसरी सुटण्याच्या बेतात शेजारी उभी असते.

दुसरी गाडी कूर गावाला जाणारी होती. इंग्रजीत ‘च’ लिहितात आणि ‘क’ म्हणतात. मला तिथपर्यंत जायचे नव्हते. त्याच्या आधी लांडक्वार्ट नावाच्या स्टेशनावर उतरायचे होते. शनिवार असल्याने डबा स्की घेतलेल्या माणसांनी भरला होता. आजोबा, सुना, चार-पाच वर्षांची पोरे, सगळ्यांच्या हातांत पट्ट्या आणि पायांत लाकडासारखे कडक बूट. त्या बुटांनी चालताना ठक ठक आवाज होई. उजाडले तेव्हा डाव्या हाताला झुरिकचे तळे होते, आणि पुढे वालनझे नावाचे दुसरे तळे आले. पाणी अगदी रुळांलगत. पलीकडे काळे कडे सरळ पाण्यात उतरलेले आणि माथ्यावर बर्फ. आपल्या समुद्रासारखी लाट नाही, वास नाही, मचवे नाहीत. तरी पाणी बघून जिवाला बरे वाटले.

कागदावर लिहिले होते : ‘सारगान्स गेले की उठून दारापाशी जा.’ सारगान्स आले, ते मी पाहिले. मनात म्हटले, आता उठायचे. डब्यात ऊब होती. रात्रभराचे जागरण होते. आणि मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा गाडी उभी होती आणि खिडकीसमोर पाटी होती. अक्षरे जुळविली. लांडक्वार्ट! पेटी ओढत दारापाशी धावले, बटण दाबले. दार उघडले नाही. गाडी हलली.

त्या वेळी माझी काय अवस्था झाली ती सांगता येत नाही. पोटात खड्डा पडला. सासूबाईंचे शब्द कानांत वाजू लागले. फोनला तिथली लाईन नव्हती. तिकीट दावोसचे, आणि गाडी भलतीकडे चाललेली. दंड भरायला लावतील का, उतरवतील का, पोलीस येतील का, असे नाही नाही ते मनात आले. डोळ्यांतून पाणी यायला लागले.

दहाएक मिनिटांत गाडी थांबली आणि सगळे उतरले. कूर आले होते. त्या मोठ्या रुळांचे ते शेवटचे स्टेशन. तिथून पुढे डोंगरात जाणारे रूळ अरुंद, एक मीटर रुंदीचे. म्हणजे गाडी मला याहून लांब नेऊ शकतच नव्हती. फलाटावर रेल्वेच्या गणवेशातली एक बाई दिसली, साधारण माझ्याच वयाची. मी तिच्यापुढे जाऊन तिकीट धरले, कागद धरला, आणि ‘लांडक्वार्ट’ एवढेच म्हटले. तिने दोन्ही पाहिले. हसली नाही, रागावली नाही. खिशातून पेन काढले आणि माझ्याच कागदावर, लेकीच्या अक्षराखाली, दोन आकडे लिहिले : एक फलाटाचा, एक वेळेचा. मग बोटाने जिना दाखविला. झाले ते एवढेच. अर्ध्या मिनिटाचे काम, आणि दोघींना मिळून भाषेचा एकच शब्द लागला.

मी परत लांडक्वार्टला आले, पण दावोसची गाडी गेलेली. पुढची येईपर्यंत थांबणे भाग होते. मी फलाटावर बसले आणि मनाशी म्हटले, बघा, विचारता आले.

पुढच्या गाडीविषयी सांगितले पाहिजे, कारण आपण घाट बघितलेली माणसे आहोत. दावोसची गाडी लाल रंगाची आणि अरुंद रुळांची. तिच्या डब्यांवर कंपनीचे नाव तीन भाषांत लिहिलेले असते : जर्मन, इटालियन आणि रोमान्श. रोमान्श बोलणारे फार थोडे आहेत, लाखाच्याही आत. तरी १९३८ साली मतदान घेऊन त्या देशाने तिला राष्ट्रभाषेचा मान दिला. आपली मालवणी कुडाळच्या गाडीत ऐकू येते ती फक्त माणसांच्या तोंडून. तिथे थोड्यांची भाषासुद्धा डब्यावर रंगविलेली आहे, याचे मला कौतुक वाटले.

लांडक्वार्ट सुमारे ५२० मीटर उंचीवर आहे आणि दावोस १५६० मीटरवर. आपली आंबोली सुमारे ६९० मीटर. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, ते १६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या माथ्याच्या थोडे खाली एक अख्खे गाव वसलेले, त्यात दवाखाने, शाळा, दुकाने, आणि तिथपर्यंत आगगाडी. ५० किलोमीटरची वाट ती तासाभराहून थोड्या अधिक वेळात चढते. कोकण रेल्वेचा चढ १५० फुटांत १ फूट याहून जास्त ठेवलेला नाही. बोरघाटात तो ३७ फुटांत १ आहे. या लाल गाडीचा चढ काही ठिकाणी २२ फुटांत १ इतका आहे, आणि तोही दात्यांच्या चाकाशिवाय. वळणावर खिडकीतून आपल्याच गाडीचे इंजिन वर चढताना दिसते. दोन्ही बाजूंना बर्फाने वाकलेली झाडे. क्लोस्टर्स नावाचे स्टेशन लागते. तिथूनच १९ किलोमीटर लांबीचा एक बोगदा फुटतो. आपला करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा. त्या बोगद्यातून लोक आपली मोटारच आगगाडीवर चढवून पलीकडे नेतात. हे ऐकून मला हसू आले, कारण मालट्रक पाठीवर घेऊन जाणारी गाडी आपण कोकणात कितीदा तरी पाहिली आहे. आपली ती सेवा १९९९ ची आणि त्यांचा तो बोगदाही १९९९ चा.

एवढ्या उंचावर रेल्वे नेली कोणासाठी? आजाऱ्यांसाठी. तिथल्या कोरड्या थंड हवेत क्षयरोगी सुधारतात अशी ख्याती झाली आणि १८६५ सालापासून हिवाळ्यातही रोगी येऊ लागले. होल्सबोअर नावाचा एक डच गृहस्थ आपल्या आजारी बायकोला घेऊन आला. बायको वाचली नाही, पण तो तिथेच राहिला. आजारी माणसांना बर्फातून घोड्याच्या गाडीने वर यावे लागू नये म्हणून त्याने रेल्वेसाठी खटपट केली, आणि १८९० साली पहिली गाडी दावोसला पोचली. पुढे १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, क्षयावर औषध निघाले, आणि रोग्यांच्या इमारतींची हॉटेले झाली. स्की खेळणाऱ्यांना दोरीने ओढून वर नेणारे यंत्रही दावोसला १९३४ सालीच बसले होते. आज डबे भरून जातात ते खेळणारे. पण रूळ टाकले होते ते ज्यांना चालवत नव्हते त्यांच्यासाठी.

दावोसला दोन स्टेशने आहेत. मी दुसऱ्यावर उतरले. फलाटावर माझी जाऊ उभी होती.

भगिनींनो, सांगायला लाज वाटते ते हे. भावोजी आधीच्या गाडीच्या वेळेला दहा मिनिटे काम सोडून आले होते. मी उतरले नाही. त्यांना परत जावे लागले. आणि ही नऊ महिने भरत आलेली पोर त्या बर्फात तासभर स्टेशनावर थांबून राहिली. आत बसायला जागा होती. पण ती मिनिटामिनिटाला उठून बाहेर येऊन बघत होती. मला पाहिल्यावर ‘वैनी’ म्हणून गळ्यात पडली आणि रडू लागली. हात बर्फासारखे गार. मी डोळे मिटले त्या चार मिनिटांचा दंड असा तिने भरला. माझ्या कागदावर भावोजींचा नंबर होता. कूरच्या त्या बाईला बोटाने तो दाखविला असता तर तिने खचित फोन लावला असता. पण एक गोष्ट विचारण्याचेच मला एवढे मोठे वाटले की दुसरी विचारायचे सुचलेच नाही.

मंगळवारी डॉक्टरांनी जावेला तपासले. रक्तदाब थोडा वाढलेला निघाला; उद्याच येऊन दाखल व्हा, म्हणाले. बाळंतपण ठरले होते ते खाली कूरच्या दवाखान्यात. गावात बैठक भरलेली, रस्त्यांवर पहारे आणि मोटारींची गर्दी. त्याच आठवड्यात आपले मुख्यमंत्रीही तिथे होते; ते करार करायला आले होते आणि मी बाळंतपण करायला! भावोजींना दुपारपर्यंत सुटका नव्हती. डॉक्टरांना विचारले, त्यांनी आगगाडीने जायला हरकत नाही असे सांगितले. बुधवारी सकाळी आम्ही दोघी जावाच निघालो. ती घाबरलेली, सारखी विचारी, ‘वैनी, गाडी बदलायला जमेल ना?’ मी म्हटले, ‘बाई गं, लांडक्वार्ट मला या जन्मी चुकायचे नाही.’ तिथे तिला हाताला धरून उतरविले, फलाट दाखविला, कूरच्या गाडीत बसविले. कूरचा जिना मला पाठ होता. गेल्या वेळी जिथे मी रडत उभी राहिले होते तिथूनच तिला घेऊन वर आले. जाताना त्या गणवेशातल्या बाईला डोळ्यांनी शोधले, पण ती दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. भावोजी आदल्या दिवशी संध्याकाळीच पोचले होते.

मार्चपर्यंत मी तिथे राहिले. स्की काही पायांना बांधल्या नाहीत. दोनदा नुसत्या बुटांनीच घसरून पडले, तेवढे पुरे झाले. परत येताना झुरिकपर्यंत एकटीच आले आणि एकही गाडी चुकली नाही.

आता आपल्याकडचे. बर्फाच्या गावाला आगगाडीने जाणे आपल्याही देशात जवळ येत चालले आहे. ६ जून २०२५ रोजी कटरा ते श्रीनगर रेल्वे सुरू झाली. गुलमर्गला मात्र श्रीनगरहून पुढे मोटारीनेच जावे लागते. त्या वाटेवरचा ३५९ मीटर उंचीचा चिनाबचा पूल आपल्या कोकण रेल्वेच्या माणसांच्या देखरेखीखाली उभा राहिला, हे ऐकून ऊर भरून येतो. मुंबईच्या विमानतळाखालीही ऑक्टोबर २०२४ पासून भुयारी मेट्रो थांबते. चिपीला विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी झाला. पण त्याच्याखाली रेल्वे नाही, आणि कुडाळचे स्टेशन तिथून लांब. या गोष्टी आपल्या हातच्या नाहीत. सरकार करील तेव्हा करील.

पण कागद आपल्या हातचा आहे. मला पार पाडले ते इंग्रजीने नव्हे आणि धीटपणानेही नव्हे. माझ्या लेकीने आखलेल्या कागदाने, आणि त्यावर दोन आकडे लिहिणाऱ्या एका बाईने. तेव्हा माझी मंडळापुढे एक सूचना आहे. आपल्या मंडळाच्या दारात एक फळा लावावा. त्यावर कुडाळच्या आणि कणकवलीच्या गाड्यांचे नंबर, वेळा, आणि त्या गाडीला पोचविणारी मालवणची एस.टी. कोणती, हे मोठ्या मराठी अक्षरांत लिहावे. वेळा बदलतात, म्हणून दर महिन्याला ताडून पाहाव्यात. ते काम मी अंगावर घेते. आणि मंडळातल्या शिकलेल्या मुलींनी महिन्यातून एका दुपारी बसून आम्हा बायकांना फोनवर तिकीट कसे काढायचे आणि फलाट कसा ओळखायचा ते दाखवावे. दाखविताना दाराचे बटण विसरू नये. आम्हीही विचारताना एका प्रश्नावर थांबू नये.

घरी परत आल्यावर मी सासूबाईंना सगळे सांगितले, चुकले तेही सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, ‘इचारलंस मगे?’ मी म्हटले, ‘होय, विचारले.’ ‘मगे झाला,’ म्हणाल्या. आणि परवा मंडळाच्या कामासाठी मी कुडाळला निघाले तेव्हा सोबत कोण, असे त्यांनी विचारले नाही.